रडगाणी म्हणे!

कल्याण

चि. सुमास,


ठाण्याचा तुमचा कार्यक्रम रंगला, डफ-तुणतुणं कडाडलं, तानाजीवर पोरांनी शिट्ट्या मारल्या, सगळं मान्य. पण ऐनवेळी जात्यावरच्या ओव्या कापल्यास, आणि वर मलाच फोनवर विचारतेस, "मावशी, शौर्याच्या कार्यक्रमात रडगाणी कशाला?" तेव्हापासून जेवण गोड लागत नाहीये बघ.

अगं, शाहीर तुळशीदासाच्या ज्या पोवाड्यावर शिट्ट्या पडल्या, त्यातही तानाजीच्या रायबाचं लग्न आहेच ना? लगीनघरातून माणूस मोहिमेवर गेला, हे शाहीर विसरला नाही. तुम्ही मात्र नेमका तेवढाच भाग गाळलात!

तुझ्या एकटीचा दोष नाही म्हणा. अ‍ॅकवर्थसाहेबाने शाळिग्रामांच्या साथीने १८९१ साली पोवाडे छापले. जात्यापाशी तेव्हा कोण जाणार? साने गुरुजींनी पुढे ओव्या जमवल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ तर गावोगाव फिरले. लाखावर ओव्या झाल्या.

आणि तुझ्या पणजीच्या ओव्या! पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या कूतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, मग कैद. पण माझ्या आजीच्या ओवीत ना कूत, ना तुर्क, ना कोण जिंकलं ते. तिचं सगळं बसऱ्यापाशी थांबायचं. भाऊ बसऱ्याला गेला, मनीऑर्डर थांबली, वहिनीला माहेरी धाडावं की ठेवून घ्यावं. भावाचं नाव मात्र दर ओवीत. बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. गोऱ्यांची नावं कोरली, आपल्या अधिकाऱ्यांचीही, साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार नुसता आकडा. सरकारने जे नाव दगडावर घातलं नाही, ते आमच्या घरी पीठ पडेपर्यंत रोज घेतलं जायचं. याला रडगाणं म्हणतेस? मी तर म्हणते, लढायांचा इतिहास बायकांकडूनच लिहून घ्यावा. हस, खुशाल हस.

आमच्या शेजारचं उल्हासनगर तरी काय? दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी कुटुंबं येऊन पडली. त्या आयाबायांनी काय गायलं असेल, ते कल्याणच्या आम्ही शहाण्यांनी कधी ऐकायला जाऊ नये!

असो. आजीच्या ओव्यांची वही पाठवते आहे, निळ्या पुठ्ठ्याची. झेरॉक्स काढून परत कर. मागच्या वेळेसारखं नको.

आणि एक विचारायचं होतं, म्हणून खरं तर हे पत्र. तुझ्या ओंकारने लष्करभरतीचा फॉर्म भरलाय म्हणे? पहाटे पळायला जातो, दिवसभर मोबाइलवर लढाईचे व्हिडिओ बघतो, असं तुझी आई सांगत होती. जाऊ नको असं मी म्हणणार नाही, मला तो अधिकार नाही. पण त्याचे बाबा काय म्हणाले? तू त्याच्याशी नीट बोललीस का, की शिट्ट्यांतच राहिलं? रविवारी त्याला इकडे पाठव. थालीपीठ करते, सांग त्याला.

तुझी,
मावशी