वावर

वावर म्हणजे शेत. वावर म्हणजे घरात-अंगणात सहज हिंडणं-फिरणंही. जव्हार तालुक्यात याच नावाचं गाव आहे. मी तिथे गेलो तो नागली, म्हणजे नाचणी, आणायला.

मला साखर निघाली त्याला अकरा वर्षं झाली. डॉक्टरांनी भात तोडला आणि आमच्या घरी जिला कुणी विचारत नव्हतं ती नाचणी पाटावर येऊन बसली. शहरात तिची पुडी मिळते, वर 'मधुमेहींसाठी' असा शिक्का. शिक्क्याचे पैसे वेगळे. म्हटलं, एकदा तिच्या माहेरी जाऊन यावं.

माहेर उतारावर आहे. उन्हाळ्यात राब भाजायचा, पाऊस पडला की त्या काळ्या राखेत रोप धरायचं, मग कंबर मोडेस्तोवर वरकस माळावर लावायचं. मी गेलो तेव्हा भाद्रपद होता. कणसांच्या मुठी अजून मिटायच्या होत्या, आणि वारा सुटला की सगळा उतारच अंग चोरल्यासारखा हलायचा.

ज्या कुडाच्या घराच्या ओट्यावर टेकलो, तिथल्या मावशींचा मुलगा तिशी ओलांडलेला. सडसडीत, पोट पाठीला लागलेलं. त्यालाही साखर आहे. माझ्या ढेरीकडे बघत मावशी म्हणाल्या, "साखर आमचे घरात चहापुरती. याचे रक्तात कुठून आली?"

ओट्यावर सांगण्याजोगं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. 1992 साली वावर-वांगणी हे जोडनाव कुपोषणाने दगावलेल्या मुलांमुळे वर्तमानपत्रांत आलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हेल्स आणि बार्कर यांनी मांडलं, की गर्भात आणि तान्हेपणी उपाशी राहिलेलं शरीर काटकसर शिकतं, आणि पुढे हीच काटकसर मधुमेहाची वाट मोकळी करते. 1993 पासून पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा अभ्यास करू लागले. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोंची, इंग्लंडमधली 3.5 किलोंची. आपली बाळं हातापायांनी काडी, पण कातडीखालची चरबी मात्र राखून आलेली. या मुलाच्या साखरेचं मूळ तेच, असं मी म्हणणार नाही. अंदाजाने कुणाच्या दुखण्याला भूक चिकटवू नये. पण वावर-वांगणीत 1992 साली तगलेली मुलं आज तिशीपार आहेत, आणि सरकारी तपासणीत साखर बघायला लागतात तीही तिशीपासूनच.

जीवनमान मोजायची जागतिक आरोग्य संघटनेची एक 26 प्रश्नांची यादी आहे. मी ती एकदा भरली होती. तुम्हाला कितपत हिंडता-फिरता येतं, हाही त्यातला एक प्रश्न. म्हणजे वावरच की! मी बागेला चार फेऱ्या मारतो, त्या आठवून पटकन खूण केली होती. या मुलाचं चालणं म्हणजे पाणी, लाकूडफाटा, लावणी. पायाला मुंग्या येतात म्हणाला. अंगठ्याला जखम होती. कधी लागलं ते कळलं नव्हतं. मला घरातसुद्धा चप्पल घालायची ताकीद आहे. चिखलात चप्पल घालून लावणी करा, असं त्याला कोण सांगणार?

आणि पथ्य? नागली विकायची, रेशनचा तांदूळ शिजवायचा. माझं पथ्य त्याच्या वावरातून येतं, ही गोष्ट दोन पायली नागली पिशवीत पडत असताना माझ्या ध्यानात आली. मावशींनी वर ओंजळभर जास्तच घातली. पैसे देताना मी भाव केला नाही. त्याने काय होतं म्हणा.

दिवाळी झाली की हे घर कुलूप लावून भिवंडीकडे वीटभट्टीवर जातं, ते पावसाच्या तोंडावर परततं. मुलाला दवाखान्यातून गोळ्या मिळतात त्या एका महिन्याच्या.