गुठळ्या

बुधवारी कॉलेजच्या एका ज्युनिअरचा मेल आला. "दादा, आमची रीडिंग्ज तुमच्या रिपोर्टशी जुळत नाहीयेत. बारीक पुडीचा तुकडाच आधी तुटतो. आमचं काय चुकतंय?"

मेल वाचून पोटात गोळा आला. आधी प्रोजेक्ट सांगतो.

एझेड ९१ हा मॅग्नेशियमचा मिश्रधातू, ९ टक्के ॲल्युमिनियम आणि १ टक्का जस्तवाला. ॲल्युमिनियमपेक्षाही हलका, पण ताकदीत जरा लेचापेचा. म्हणून त्यात सिलिकॉन कार्बाइडचे कडक कण घालायचे. आम्ही दोन मापं घेतली, ५० मायक्रॉन आणि ५ मायक्रॉन. वजन दोन्हीकडे सारखंच.

पुस्तक म्हणतं, कण दहापट लहान केला की तेवढ्याच वजनात संख्या हजारपट. मग धातू थिजताना स्फटिकांना वाढायला जागा कमी, ते बारीक राहतात, आणि बारीक स्फटिक म्हणजे जास्त ताकद. पटण्यासारखं आहे.

आमचा बारीक पुडीचा तुकडा आधी तुटला. तिन्ही वेळा!

मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर सुटा कण औषधालाही नाही. कण लहान झाले तसा एकूण पृष्ठभागही दहापट झाला होता. धातूत भिजायचं सोडून कण एकमेकांनाच चिकटले, मधे हवा धरून. पिठल्यात बेसन भसकन ओतल्यावर होतं ना, अगदी तस्सं. तडा त्या पोकळ गुठळ्यांतूनच गेला होता. जाडे कण मात्र आपापले सुटे, शहाण्यासारखे.

व्हायवा परवावर आलेली. पार्टनर म्हणाला, "कॉलम उलटे कर ना यार." केले. एक्सेलमध्ये दहा सेकंदांचं काम. एक्स्टर्नलनी मान डोलावली, मार्क बरे पडले, आणि मी आयटीत आलो.

नंतर कधीतरी कळलं, २०१५ साली 'नेचर'मध्ये यूसीएलएच्या संशोधकांचा पेपर आला होता. १०० नॅनोमीटरहून लहान कण, आकारमानाच्या १४ टक्के, मॅग्नेशियममध्ये एकसारखे पसरलेले! आधी थोडेच कण पसरवायचे, मग धातूचीच वाफ करून उरलेलं दाट करायचं. म्हणजे गुठळी होऊ न देणं हाच खरा प्रश्न होता, आणि आमच्या फोटोंत तो ढळढळीत दिसत होता. पेपर आमच्या प्रोजेक्टच्या आधीचा. वाचलाच नव्हता. असो.

आज सकाळी जुना पेनड्राइव्ह सापडला. खरे फोटो, खरे आकडे अटॅच केलेत. "तुमचं काही चुकलेलं नाही" एवढं टाइप करून झालंय. पुढची ओळ अजून जमत नाहीये.