गिन्झातलं टेनेसी

ओजिमात लेकीच्या इमारतीत लिफ्टमध्ये शिरलं की मराठी कानावर पडतंच. टोकियोच्या कोतो वॉर्डातली ही वस्ती. निमसरकारी संस्थेच्या या इमारतींत भाड्याने राहायला जामीनदार लागत नाही, घरमालकाच्या हातावर ठेवायची ती परत न मिळणारी रक्कमही नाही. म्हणून सॉफ्टवेअरमधली आपली मुलं इथे आली आणि त्यांच्या पाठोपाठ कढीपत्ता विकणारी दुकानं आली. शेजारच्या एदोगावा वॉर्डाने तर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक या मराठी माणसाला नगरसेवक म्हणून निवडून दिलं. परदेशात आल्यासारखं वाटायला हवं असेल तर ओजिमाबाहेरच पडावं लागतं.

आम्हा आजी-आजोबांना बाहेर काढलं जावयाने. "आई, पिंटूला आम्ही बघतो. बाबांना आज गिन्झाला घेऊन जा, तिथे कंट्री म्युझिक असतं." सासऱ्यांचं जिम रीव्हजचं वेड त्याला चांगलंच ठाऊक. रेडिओ सिलोनने हा टेक्सासचा गायक आमच्याकडच्या कितीतरी घरांत पोचवला होता. १९६४ मध्ये तो विमान अपघातात गेला, पण आमच्याकडच्या चाहत्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. मी स्वतः माणिक वर्मांची. तरी निघाले, दोघांनीच संध्याकाळी बाहेर पडायचं हे आमच्याकडे वारंवार घडत नाही.

ओजिमाहून तोएई शिंजुकू लाइन पकडायची, बाकुरो-योकोयामाला उतरून भुयारातून हिगाशी-निहोनबाशीला जायचं, तिथून असाकुसा लाइनने शिंबाशी, मग पायी गिन्झा. लेकीने कागदावर लिहून दिलं होतं. गाडीत नेहमीची शांतता. ह्यांचं गुणगुणणं मी दोनदा कोपराने थांबवलं. गिन्झात प्रत्येक मजल्यावर वेगळं दुकान, वेगळा बार, आणि पाट्या एकीवर एक चढलेल्या. त्यांतून 'रॉकी टॉप' ही पाटी ह्यांनीच शोधली. नाव अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या डोंगरावरच्या गाण्याचं, १९६७ सालचं. पुढे त्या राज्याने ते आपलं राज्यगीतच करून टाकलं.

आत शिरताच संगीताचे पैसे वेगळे, पेयाचे वेगळे, हे कळलं. खोली लहान. आमच्याच वयाची मंडळी. कुणी काउबॉय हॅट घातलेली, कुणी थेट ऑफिसातून टायसकट आलेलं. स्टेजवर नक्षीदार शर्टातले पाच जपानी आजोबा. स्टील गिटारवर पहिला सूर घसरत खाली आला आणि मला आठवलं ते टेनेसी नव्हे, तर वॅन शिप्ली! हिंदी सिनेमाची गाणी हवाईयन गिटारवर वाजवणारा. त्याच्या तबकड्या माझ्या माहेरी होत्या. हवाईचं हे वाद्य अमेरिकेच्या खेड्यांतल्या गाण्यात शिरलं, आमच्या फिल्मी धुनांत शिरलं, आणि जपानलाही त्याने वेड लावलं.

कंट्रीचं वेड इथे युद्धानंतर पसरलं. अमेरिकन सैन्याच्या फार ईस्ट नेटवर्क रेडिओवर ही गाणी लागत आणि लष्करी तळांवरच्या क्लबांत जपानी पोरं ती वाजवून पोट भरत. ज्यांनी शहरं जाळली त्यांचीच गाणी! मला हे पचायला जड गेलं. ह्यांचं म्हणणं, भुकेला गाण्याचा धर्म विचारायला वेळ नसतो. १९५२ मध्ये चिएमी एरी या कोवळ्या मुलीने 'टेनेसी वॉल्ट्झ' अर्धं इंग्रजीत, अर्धं जपानीत गायलं आणि ते घराघरांत गेलं. १९६४ मध्ये तोमी फुजियामा ही गायिका नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या कंट्रीच्या नामांकित कार्यक्रमात गाऊन आली. कुमामोतोत चार्ली नागातानी यांनी १९८९ पासून तीस वर्षं 'कंट्री गोल्ड' महोत्सव भरवला, थेट अमेरिकेतून गायक आणून. यातलं बरंचसं आम्हाला शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी मोडक्या इंग्रजीत आणि भरपूर हातवाऱ्यांत सांगितलं.

बँडने 'टेनेसी वॉल्ट्झ' धरलं तेव्हा तेच गृहस्थ पत्नीला घेऊन उठले आणि टेबलांमधल्या वीतभर जागेत नाचले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्स घट्ट धरली.

मध्यंतरात ह्यांनी चिठ्ठी पाठवली: 'ही'ल हॅव टू गो'. बारमधून प्रेयसीला फोन लावणाऱ्या माणसाचं गाणं. गायकाने चष्मा वर केला, वाचलं आणि आमच्या दिशेने वाकून नमस्कार केला. मग इतका खर्जात उतरला की हे खुर्चीत सरळ होऊन बसले. उच्चार जपानी होते, पण प्रत्येक हरकत रीव्हजच्या तबकडीवरची. आपल्याकडे बालगंधर्वांची नक्कल करणाऱ्यांना आपण हसतो. या माणसाला मला हसता आलं नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या मुलखाच्या आठवणीत इतक्या प्रामाणिकपणे रमणं सोपं नसावं. अर्थात सातवं गाणं सहाव्यासारखंच वाटलं, हेही खरं.

परतीच्या गाडीत ह्यांनी जाहीर केलं की ऑगस्टमध्ये कंट्रीच्याच भावकीतला 'ताकाराझुका ब्लूग्रास महोत्सव' असतो, १९७२ पासून चालू आहे, आपण जाऊ. मी म्हटलं, "व्हिसा जुलैत संपतोय." "वाढवून मिळतो का विचारू," हे म्हणाले, आणि मोरिशिता स्टेशन येईपर्यंत जावयाला मेसेज गेलासुद्धा.