टूं

द्वितीय वर्ष कला शाखेच्या तासाला एका दलित आत्मकथनातील उतारा आम्ही एका विद्यार्थ्याला मोठ्याने वाचायला सांगितला होता. उताऱ्यात आईवरून दिलेल्या दोन शिव्या होत्या. पहिली आली तेव्हा तो थबकला, मग त्याने तोंडाने ‘टूं’ असा आवाज काढला. वर्ग खदखदून हसला. दुसऱ्या शिवीला सगळा वर्गच ‘टूं’ म्हणाला. पुढे चार ओळींवर जातीच्या नावाला ‘डा’ प्रत्यय लावून मारलेली हाक होती. ती त्याने न अडखळता वाचली. त्या वेळी कोणी हसले नाही आणि कोणी ‘टूं’ही केले नाही. तास संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी टेबलाशी आली. “मॅडम, शिव्यांना टूं केलं, मग त्या शब्दाला का नाही केलं?”

आम्ही दोघे नवरा-बायको एकाच विभागात मराठी शिकवतो. आमच्यापैकी जी त्या दिवशी वर्गावर होती, तिने “तो शब्द मूळ लेखनातला आहे” असे काहीतरी उत्तर दिले. शिव्याही मूळ लेखनातल्याच होत्या.

त्या संध्याकाळी बिरवाडीच्या आमच्या घरी हाच विषय चालला होता आणि शेजारच्या घरातून दूरचित्रवाणीवरील कुठल्याशा ‘रिअॅलिटी शो’चे भांडण ऐकू येत होते. दर दोन वाक्यांमागे बीप. हा आवाज म्हणजे साधारणतः एक हजार हर्ट्झचा सपाट स्वर. तो शब्द झाकतो, पण शब्दाची जागा, लांबी आणि पुष्कळदा पहिले व्यंजनही तसेच ठेवतो. शेजारची मुले गाळलेल्या जागा भरा हा प्रश्न सोडवावा तशी तो शब्द भरतात, आणि सहसा चुकत नाहीत. जाहिरातवाल्यांना हे फार पूर्वी कळले आहे. साध्या, निरुपद्रवी शब्दावर बीप टाकला की तो शब्द अश्लील वाटू लागतो आणि माल लक्षात राहतो. उलट जून २०२२ मध्ये एका सुगंधी फवाऱ्याच्या ज्या जाहिराती केंद्र सरकारने थांबवायला लावल्या, त्यांत बीप करावा असा एकही शब्द नव्हता. स्त्रीवरील सामूहिक अत्याचाराची भीती विनोद म्हणून वापरली होती, तीही सभ्य शब्दांत.

फेब्रुवारी २०१५ मधली गोष्ट तर मुंबईचीच. मिहिर जोशी यांच्या ‘सॉरी’ या गाण्यातल्या ‘बॉम्बे’ या शब्दावर चित्रपट प्रमाणन मंडळाने बीप टाकायला लावला. शहराचे जुने नाव! बीपमुळे ऐकणाऱ्याला वाटावे की गायकाने काहीतरी भयंकर म्हटले आहे. त्याच महिन्यात मंडळाने निषिद्ध शब्दांची यादीही काढली होती. मंडळातल्याच सदस्यांच्या विरोधानंतर ती बाजूला ठेवावी लागली.

पण आम्ही मराठीच्या शिक्षकांनी या मंडळाला हसू नये. विष्णुदासांच्या मऊपणाची आणि कठीणपणाची ग्वाही देणाऱ्या तुकोबांच्या सुप्रसिद्ध अभंगात लंगोटीच्या आधी गाथेत ‘गांड’ हा शब्द आहे. आपल्या तोंडी बसली आहे ती ‘कास’. हा बीपच आहे, फक्त तो इतका सुरेल वाजतो की ऐकूच येत नाही. (वरचे वाक्य लिहिताना आम्ही तो शब्द एकदा खोडला होता.)

आमच्या भागात शिव्यांना एक हक्काची रात्र आहे. शिमग्याला आळीतली पोरे तोंडावर पालथा हात मारून बोंब ठोकतात आणि जोडीला जे म्हणतात ते कोणत्याही वाहिनीवर जाणार नाही. मात्र ज्या घरात सुतक असेल त्या घरासमोरून तीच पोरे मुकाट्याने जातात, हे आम्ही पाहिले आहे. त्यांना कोणी यादी दिलेली नसते. तरी आम्ही शिमग्याचे गोडवे गाणार नाही. त्या रात्रीच्या शिव्याही बहुतेक बाईच्याच देहावरून असतात, आणि वर्षाचे बाकीचे दिवस कोणी कोणाला शिवी द्यायची हे गावात जातीनेच ठरलेले होते.

त्या मुलीचा प्रश्न इथे येऊन पोचतो. १९९४ च्या केबल दूरचित्रवाणी नियमांत जाहिरातींसाठी जी संहिता आहे, ती वंश, जात, वर्ण, पंथ यांची टवाळी करणाऱ्या जाहिरातीला स्पष्ट मनाई करते. म्हणजे नियम लिहिणाऱ्याला हे सुचले होते. तरीही बीपचे बटण दाबणाऱ्या बोटाला जे सुचते ते देहाचे अवयव आणि नातीगोती. हिंदी चित्रपटांतील नामवंतांनी मुलाखतींत सफाई कामगारांच्या जातीचे नाव ‘गबाळे दिसणे’ या अर्थी सहज वापरले होते. डिसेंबर २०१७ मध्ये त्यावर निदर्शने झाली आणि माफीही मागितली गेली. पण मुळात तो शब्द कोणालाच खटकला नव्हता. ‘डा’ प्रत्ययाचे तर विचारूच नका. तुच्छतादर्शक प्रत्यय म्हणून व्याकरणाच्या तासाला तो आम्हीच शिकवतो, उदाहरणे मात्र निरुपद्रवी देतो.

महाडच्या कॉलेजात हे घडावे याची आम्हाला जास्त लाज वाटली. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब ज्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, त्याच्या काठाने आमचे निम्मे विद्यार्थी रोज एसटी स्टँडकडे जातात. आणखी एक कबुली द्यायला हवी. या उताऱ्याच्या छायाप्रती वाटताना पूर्वी दोन वर्षे आम्ही त्या दोन शिव्यांवर पांढरी शाई फिरवली होती. वर्गात मुली असतात, पालक तक्रार करतील, असे आम्ही एकमेकांना सांगितले होते. तिसऱ्या शब्दावर शाई फिरवावी का, हा प्रश्न आमच्या मनात आलाच नव्हता. तो आला असता आणि आम्ही शाई फिरवली असती, तर तेही चूकच झाले असते. कारण त्या पानावर लेखक आपल्या बापाला काय ऐकावे लागले तेच सांगतो आहे.

पुढच्या आठवड्यात तोच उतारा आम्ही पुन्हा घेतला, पांढऱ्या शाईशिवाय. वाचायला ती मुलगी उभी राहिली. दोन्ही शिव्या तिने सपाट आवाजात वाचल्या. मागून कोणीतरी बारीक ‘टूं’ केले, पण त्याला साथ मिळाली नाही. तिसऱ्या शब्दाशी ती थांबली आणि पानावर बोट ठेवून म्हणाली, “मॅडम, हा मी घरी ऐकलेला आहे. हा तुम्ही वाचा.”

आम्ही वाचला. पहिल्या खेपेला आवाज नीट फुटला नाही, म्हणून पुन्हा वाचावा लागला.