रंग न लागलेलं टोक

स्लाइडवर पेशींचा थेंब सोडताना आजही माझा श्वास रोखला जातो. मिथेनॉल आणि ॲसेटिक ॲसिड उडता उडता पेशी पसरते आणि 46 गुणसूत्रं काचेवर सुटी होतात. मुंबईच्या पावसाळ्यात थेंब हळू वाळतो, गुणसूत्रं शेजारच्या पेशीच्या गुणसूत्रांत मिसळतात. कोरड्या हवेत ती सुटतच नाहीत. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण कळलं ते हातांना.

तीन गर्भपात झालेली एक बाई आली होती. तिने करून आणलेला मायक्रोॲरेचा रिपोर्ट नॉर्मल होता. ती चाचणी गुणसूत्रांचा ऐवज वाढला की घटला, एवढंच सांगते. ऐवज तेवढाच राहून जागा बदलली, तर तिला दिसत नाही. म्हणून रक्त कल्चरला लावलं. राजम्यातून काढलेल्या प्रथिनाने पांढऱ्या पेशी जागवल्या, 72 तास वाढवल्या, कोल्चिसिनने विभाजन थांबवलं. मग ट्रिप्सिन आणि गिम्सा. मरिना सीब्राइट यांनी 1971 साली मांडलेल्या या कृतीने प्रत्येक गुणसूत्रावर त्याचे स्वतःचे पट्टे उमटतात.

दुसऱ्या गुणसूत्राचा तुकडा सातव्यावर गेलेला दिसला. दोघांची अदलाबदल, असं मी टिपून ठेवलं. पण दुसऱ्याच्या टोकावरचे पट्टे सातव्याशी जुळेनात. पट्ट्यांच्या नजरेला डीएनएच्या पाच-दहा दशलक्ष अक्षरांहून लहान तुकडा सहसा दिसत नाही, म्हणून मनाची समजूत घालणं सोपं होतं. तरी फिश, म्हणजे गुणसूत्रांना चमकणारे रंग लावून पाहण्याची चाचणी, करायचं ठरवलं. दुसऱ्याला हिरवा रंग, सातव्याला लाल.

अंधाऱ्या खोलीत पाहिलं, तर त्या टोकाला कुठलाच रंग लागला नव्हता. आणि एका तिसऱ्याच गुणसूत्राच्या शेवटी लाल ठिपका चमकत होता. ते तेरावं निघालं. तेराव्याचा पेंट लावल्यावर दुसऱ्याचं टोक उजळलं. तीन गुणसूत्रं, तीन ठिकाणी तुटलेली, आणि तुकडे गोल फिरलेले.

बीजांड तयार होताना अशी सहा गुणसूत्रं एकत्र जुळतात आणि वाटणी बहुतेक वेळा चुकते. गर्भ टिकत नाही तो त्यामुळे. कधीकधी मात्र वाटणी बरोबरही होते.

समुपदेशनाच्या वेळी तिने विचारलं, "मॅडम, माझ्यात काही कमी आहे का?"

"नाही ताई. सगळं आहे. फक्त जागा बदलल्यात."

तिने फोटो मागितला. त्या टोकावर बोट ठेवून ती बराच वेळ पाहत राहिली.