ओठ मिटलेले, दात सुटे

२०२३ च्या दिवाळीतली गोष्ट. नागपूरच्या त्या घरात नरक चतुर्दशीची आंघोळ आटोपून सगळे फराळाला बसले होते. तिने चकलीचा तुकडा दाढेखाली दाबला आणि डाव्या कानापाशी ‘कट्’ असा आवाज झाला. शेजारी बसलेल्या मुलीनेही वळून पाहिलं, इतका मोठा! मग तोंड उघडेचना. जेमतेम दोन बोटं आत जातील एवढीच फट.

“दातखीळ बसली की काय गं तुझी?” सासूबाईंनी विचारलं. ती हसायला गेली, तर हसणंही दुखलं.

तसं दुखणं पावसाळ्यापासूनच मागे लागलं होतं. सकाळी उठल्यावर कानशिलं जड, डाव्या कानात ठणका, भाकरी चावताना गाल भरून आल्यासारखा. ती बँकेत रोखपाल. खिडकीबाहेर रांग लागलेली असताना कान धरून बसायला सवड कुणाला? घरी लसणीचं कोमट तेल कानात घालून झालं. (डॉक्टर कितीही नको म्हणोत, आपल्याकडे कान दुखला की आधी तेलाचीच वाटी पुढे येते.) कानाच्या डॉक्टरांनी आत पाहून सांगितलं, कान अगदी स्वच्छ आहे. दाढेचा एक्स-रे काढला, दाढही ठणठणीत. मग पर्समध्ये वेदनाशामक गोळ्यांची पट्टी आली आणि तिथेच राहिली.

कान आणि दाढ दोन्ही निर्दोष असताना मग दुखतं ते काय? कानाच्या छिद्रापुढे बोट ठेवून तोंड उघडलं-मिटलं, तर बोटाखाली काहीतरी सरकल्यासारखं लागतं. तो जबड्याचा सांधा. दाराच्या बिजागरीसारखा तो नुसता फिरत नाही. तोंड मोठं उघडताना पुढेही सरकतो. दोन हाडांच्या मधोमध एक छोटी चकती असते. ती जागची हलली की आवाज येतो, कधी तोंड अडकतं. पण पुष्कळदा खरं दुखणं सांध्यात कमी आणि चावण्याच्या स्नायूंत जास्त असतं. हे स्नायू गालापासून कानशिलापर्यंत पसरलेले, म्हणून त्यांचा ठणका कानात, डोक्यात, दाढेत, कुठेही जाणवतो. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या जेम्स कॉस्टेन नावाच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी १९३४ मध्ये कानाच्या तक्रारींचा संबंध जबड्याशी जोडून दाखवला. मागच्या दाढा गेल्याने चाव बिघडतो आणि त्यातून हे सगळं होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते स्पष्टीकरण पुढे मागे पडलं. पण ‘चाव चुकलाय’ हे शब्द मात्र दवाखान्यांतून अजून गेले नाहीत.

तिलाही ते ऐकायला मिळाले. दिवाळीनंतर ती ज्या दंतवैद्यांकडे गेली, त्यांनी आरसा फिरवून पाहिला आणि सांगितलं, “तुमचा चाव चुकलाय. दाढा घासून सगळ्यांना कॅप बसवून उंची वाढवावी लागेल.” खर्चाचा आकडा त्यांनी कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून दिला. तो वाचून तिच्या जबड्याची कळ क्षणभर थांबली असावी!

आकडा जवळजवळ तेवढाच होता, जेवढी तिची मुदत ठेव होती. ती ठेव तिने मुलीच्या शिक्षणासाठी आठ वर्षं जपलेली. मुलगी त्या वर्षी बारावीला होती. आणि याच ठेवीतले पैसे धाकट्या दिरांना फ्लॅटसाठी द्यायचं नवऱ्याने जूनमध्ये परस्पर कबूल केलं होतं. तिला ते जेवणाच्या ताटावर कळलं. ती काही बोलली नाही. घरात पंधरा वर्षांत ती अशा गोष्टींवर फारसं बोललीच नव्हती. आपल्याकडे याला समंजसपणा म्हणतात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार असाही एक शब्दप्रयोग आहे, तो मात्र सहसा दुसऱ्यांच्या घराबद्दल वापरतात.

चिठोरा तिने पर्समध्ये ठेवला. बँकेतल्या एका मैत्रिणीने तो पाहिला आणि म्हणाली, “चांगले दात घासले की परत उगवत नाहीत बाई. आधी डेंटल कॉलेजात दाखव.”

जानेवारीत ती गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दात पाहायच्या आधी प्रश्नच फार विचारले. सुपारी खाता? खर्रा? नागपुरात हा प्रश्न टाळून चालतच नाही. सुपारीने तोंडाची आतली त्वचा आवळली जाऊनही तोंड उघडेनासं होतं आणि तो आजार वेगळा, अधिक गंभीर. जिना चढताना जबडा दुखतो का, छातीवर दडपण येतं का? कारण हृदयाची कळही कधी कधी जबड्यात येते. मग त्यांनी दोन्ही गालांवर बोटं दाबत नेली. एका ठिकाणी ती कळवळली.

“रात्री शेजारी कोण झोपतं?”

मुलगी सोबत आली होती. अभ्यासामुळे दोघी एकाच खोलीत झोपत. ती चटकन म्हणाली, “मी. आई रात्री खडे चावल्यासारखा आवाज करते.”

तिला हे माहीतच नव्हतं. मुलीने इतके महिने सांगितलं नव्हतं, कारण ‘तू चिडशील असं वाटलं.’

कॅपचं नावही न काढता डॉक्टरीणबाईंनी मापं घेतली. गुलाबी लगदा भरलेला साचा तोंडात, मिनिटभर श्वास नाकाने. त्यावरून प्लास्टरचे दात, आणि त्या दातांवर बेतून तयार झाली कडक, पारदर्शक ॲक्रिलिकची पट्टी. तिला स्प्लिंट म्हणतात. वरच्या सगळ्या दातांना ती टोपीसारखी बसते. बाजारात गरम पाण्यात मऊ करून घरच्या घरी बसवायच्या पट्ट्याही मिळतात. पण खरं काम पट्टी हातात आल्यावर सुरू होतं. निळा कागद दातांत धरायचा, चावायचं, पट्टीवर ठिपके उमटतात. एका बाजूला गडद, दुसरीकडे काहीच नाही, असं असलं की गडद ठिपका घासायचा. पुन्हा कागद, पुन्हा घासणं. खालचा प्रत्येक दात सारख्या दाबाने टेकेपर्यंत पाऊण तास हेच चाललं आणि पुढच्या महिन्याभरात आणखी तीनदा. काही दातच झाकणारी पट्टी दीर्घकाळ वापरली तर उरलेले दात जागचे हलू शकतात, म्हणून ही अख्ख्या रांगेची आणि म्हणूनच तपासणीही चुकवायची नाही.

पहिल्या रात्री तोंडभर लाळ. दुसऱ्या रात्री झोपेत काढून उशीखाली टाकलेली. ‘स’चा ‘थ’ व्हायला लागला, तेव्हा सासूबाईंनी विचारलंच, “इतक्यात कवळी लागली का गं तुला?” बेचाळिसाव्या वर्षी हा प्रश्न बोचला. मोरीजवळच्या फळीवर सासूबाईंची कवळीची वाटी होती. तिच्या शेजारी आता हिची डबी आली. गार पाण्याने धुवायची, गरम पाणी लागलं तर वाकडी होते, हे तिला सासूबाईंनीच शिकवलं. कवळीची एक वाकडी करून झाली होती ना त्यांची!

तीन आठवड्यांत सकाळचा जडपणा उतरला. संध्याकाळचा मात्र तसाच. तिने तक्रार केली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पट्टी रात्री तोंडात असते. दिवसा तुम्ही काय करता?”

नोटा मोजताना ती दात आवळते. हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. जेवण सोडलं तर दिवसभर वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायचं खरं तर कारणच नसतं. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला, ही जबड्याची विश्रांतीची बैठक. आठवण राहावी म्हणून काहीतरी खूण करा, असं त्यांनी सुचवलं. तिने कपाळावरची टिकली काढून कॉम्प्युटरच्या कडेला चिकटवली. टिकली दिसली की जबडा सैल. पहिल्या दिवशी सत्तेचाळीस वेळा दात आवळलेले सापडले, मग तिने मोजणं सोडून दिलं.

सोबत गालाला ओला शेक, रोज तोंड हळूहळू उघडण्याचे व्यायाम, महिनाभर मऊ जेवण. डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट लपवली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात जुनाट जबडेदुखीसाठी जी मार्गदर्शक सूत्रं आली, त्यांत जबड्याचे व्यायाम आणि मनाचा ताण हाताळायला शिकवणाऱ्या उपचारांना पहिला मान आहे. काढता येणाऱ्या पट्टीबद्दल ती फारशी उत्साही नाहीत आणि कायमचे बदल घडवणाऱ्या पट्ट्यांना तर ठाम नकार आहे. मग ही पट्टी दिली कशाला? “तुमचे दात रात्री झिजताहेत, ते वाचतील. बरं नाही वाटलं तर उद्या काढून ठेवता येईल. घासलेला दात परत ठेवता येत नाही.” सांगायला हवं, इतकं सरळ बोलणारे डॉक्टर भेटणं हेही अर्धं औषधच.

मार्चमध्ये, मुलीचा शेवटचा पेपर झाला त्या रात्री, ती नवऱ्याला म्हणाली, “त्या ठेवीचं बोलायचंय. मी मोडणार नाही.” आवाज वाढला नाही. नवरा बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “मग जूनमध्येच का नाही बोललीस?” यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. दिरांनी पुढे बँकेचं कर्ज काढलं. ते वर्षभर थोडे फटकून वागले. कानाचा ठणका या रात्रीनंतर थांबला, असं काही झालं नाही. तो आधीच कमी होत आला होता आणि परीक्षेच्या निकालाच्या आठवड्यात परत आलाही.

सहा महिन्यांनी ती तपासणीला गेली. तोंड आता आरामात तीन बोटं उघडत होतं. ‘कट्’ मात्र अधूनमधून व्हायचा. दुखत नसेल तर त्या आवाजाच्या मागे लागू नका, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मग त्यांनी पट्टी दिव्याखाली धरली. डाव्या सुळ्यापाशी एक चकचकीत खळगा पडला होता, नखाने लागेल एवढा खोल.

“हे बघा, एवढं तुमच्या दातावरून गेलं असतं.”

मुलगी तोवर पुण्याला कॉलेजात गेली होती. संध्याकाळी फोनवर तिने विचारलं, “आता रात्री आवाज येतो का गं?”

“ऐकायला तू कुठेयस?” ती म्हणाली, आणि मोरीजवळच्या फळीवरची डबी घ्यायला उठली.