वॉटची भीती आणि खरी भीती

दुरुस्तीला येणाऱ्या इयरबड्ससोबत हल्ली एक प्रश्न हमखास येतो: “घरी मोबाइलचा ६५ वॉटचा चार्जर आहे. त्यावर लावले तर जळतील का हो?” खोक्यात केबल मिळते, चार्जर मिळत नाही. त्यामुळे प्रश्न रास्तच आहे.

नाही जळत. चार्जरवर छापलेले वॉट ही त्याची ऐपत असते, सक्ती नव्हे. घरातल्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर झिरोचा बल्ब लावला म्हणून तो फुटत नाही. मोबाइलची बॅटरी ५००० एमएएचच्या आसपास असते, इयरबड्सच्या डबीची ४००-५०० आणि एकेका बडची जेमतेम ४०-५०. किती करंट घ्यायचा हे डबीतली चार्जिंग आयसी ठरवते. बॅटरी ४.२ व्होल्टला पोचली की ती व्होल्टेज तिथेच धरते, करंट हळूहळू उतरवत नेते आणि शेवटी बंद करते. फास्ट चार्जरही सुरुवात ५ व्होल्टनेच करतो. समोरच्या वस्तूने मागितल्याशिवाय ९ किंवा २० व्होल्टवर जाण्याची त्याला परवानगी नसते, आणि इयरबड्स मागत नाहीत.

उलट तक्रार मात्र खरी असते: नव्या चार्जरवर डबी चार्जच होत नाही. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली की दिवा लागत नाही, जुन्या चौकोनी तोंडाच्या चार्जरवर मात्र लागतो. लोक चार्जरला दोष देतात. अशी डबी उघडून मी भिंगाखाली धरतो, तेव्हा टाइप-सी सॉकेटच्या मागे बऱ्याचदा दोन रेझिस्टरच्या जागा रिकाम्या दिसतात. टाइप-सी सॉकेटच्या चार्जरला सीसी पिनवर ५.१ किलोओहमचा रेझिस्टर जाणवल्याशिवाय तो ५ व्होल्ट सोडतच नाही. जुन्या चार्जरच्या तोंडाशी ५ व्होल्ट कायम हजर असतात, म्हणून तिथे काम भागतं. तिळाएवढे दोन रेझिस्टर, किंमत पैशांत मोजावी अशी, आणि तेवढ्यासाठी ग्राहकाला नवा चार्जर घ्यायला लावायचं, याचा मला मनापासून राग येतो. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून इयरबड्सनाही टाइप-सी सक्तीचं झालं. निर्णय चांगलाच आहे, पण तोंड सारखं झालं म्हणजे आतलं सर्किट सारखं झालं असं समजू नये. तुमची डबी अशी असेल, तर एका टोकाला जुनं चौकोनी तोंड असलेली केबल वापरा, काम होईल.

पॉवर बँकेवर डबी कधी कधी अर्धवटच भरते, ते तिच्या छोट्या बॅटरीला करंट कमी लागतो म्हणून. करंट फार कमी झाला की मोबाइल काढून घेतला असं समजून काही पॉवर बँका स्वतःच बंद होतात.

घाबरायचं असेल तर रस्त्यावरच्या बिननावाच्या चार्जरला घाबरा. आपल्या घरातली २३० व्होल्टची वीज चार्जरमध्ये शिरून डीसी झाली की ती ३२५ व्होल्टच्या घरात जाते. ती बाजू आणि केबलची बाजू यांच्यात ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन आणि बोर्डावरची मोकळी जागा, एवढीच भिंत असते. चांगल्या चार्जरमध्ये ही जागा सहा-एक मिलिमीटर सोडलेली असते, कधी तिथे बोर्डाला चीरही पाडलेली असते. स्वस्तातला चार्जर उघडावा, तर दोन्हीकडचे तांब्याचे पट्टे मिलिमीटरभरावर आलेले, ट्रान्सफॉर्मरवर टेपचा एखादाच वेढा, आणि दोन बाजूंना जोडणारा कपॅसिटर सुरक्षेच्या दर्जाचा नसून साधा. तो शॉर्ट झाला की मेनची वीज थेट केबलमध्ये. तिथे चार्जर ५ वॉटचा की ६५ चा, याने काडीचा फरक पडत नाही.

म्हणून चार्जर घेताना वॉटच्या आधी बीआयएसची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला की नोंदणी कोणाची आहे ते कळतं. छापील खूण खोटी असू शकते, त्यामुळे हे दोन मिनिटांचं काम टाळू नका. आणि गळ्यातला नेकबँड चार्जिंगला लावलेला असताना कानात घालू नका, चार्जर कितीही भरवशाचा असो. घरातल्या मुलांनाही हे सांगून ठेवा. अभ्यास करताना तीच तो सर्रास असा वापरतात.